फुलकळी न धरलेला हिवाळा : पेरू देशातील ब्लूबेरीचा २०२३ चा हंगाम

ताज्या ब्लूबेरीच्या जागतिक व्यापारात सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तीन महिने मुख्यतः पेरू या एका देशाच्या भरवशावर चालतात. (फळाच्या नावाशी गल्लत होऊ नये म्हणून सांगतो, या लेखात पेरू म्हणजे सर्वत्र दक्षिण अमेरिकेतला देश.) अमेरिकेतील वॉशिंग्टन, ऑरेगन व मिशिगन आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया येथील तोडणी सप्टेंबरात आटोपत येते, मेक्सिकोची आवक तेव्हा जेमतेम सुरू होत असते आणि चिलीचा माल डिसेंबरशिवाय जोर धरत नाही. मधली ही पोकळी पेरूने दहा-बारा वर्षांत भरून काढली होती. २०२३ मध्ये नेमक्या याच काळात पेरूची निर्यात आदल्या वर्षीच्या जवळपास निम्म्यावर आली. बागा वाहून गेल्या नव्हत्या, ठिबकला पाणी होते, एखादा नवा रोगही शिरलेला नव्हता. झुडपे हिरवीगार होती, किंबहुना जरा जास्तच हिरवी होती. हे प्रकरण मुख्यतः त्या जास्तीच्या हिरवेपणाचे आहे.

वाळवंटातली लागवड

पेरूमध्ये ब्लूबेरीची व्यापारी लागवड २०१० च्या आसपास मूळ धरू लागली आणि त्याच दशकाच्या अखेरीस या देशाने चिलीला मागे टाकून जगातील सर्वांत मोठ्या निर्यातदाराचे स्थान घेतले. लागवडीचा मोठा भाग उत्तरेकडील ला लिबेर्ताद आणि लाम्बायेके या दोन किनारी प्रांतांत आहे. दोन्हीकडची जमीन मुळात वाळवंटी असून ती पाण्याखाली आली ती मोठ्या सिंचन प्रकल्पांमुळे. ला लिबेर्तादमध्ये सांता नदीचे पाणी चाओ, विरू, मोचे आणि चिकामा या खोऱ्यांकडे वळवणारा प्रकल्प आहे आणि या चार नावांच्या आद्याक्षरांवरूनच त्याला चाविमोचिक म्हणतात. लाम्बायेकेतील ओल्मोस प्रकल्पात अँडीज पर्वताच्या पलीकडे वाहणाऱ्या हुआंकाबांबा नदीचे पाणी सुमारे २० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून अलीकडे आणले आहे आणि २०१४ पासून त्यावर शेती होत आहे.

विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, सहा ते नऊ अंश दक्षिण अक्षांशावर, ब्लूबेरीसारखे थंड प्रदेशातले झुडूप टिकते याचे श्रेय समुद्राला जाते. किनाऱ्याला लागून वाहणारा थंड हम्बोल्ट प्रवाह हवा गार ठेवतो, पाऊस जवळजवळ पडू देत नाही आणि जून ते सप्टेंबर या तिकडच्या हिवाळ्यात आभाळ धुक्याने झाकलेले असते. तोडणीच्या वेळी पाऊस नाही, दहिवर पडून कळी जळण्याची भीती नाही आणि पाणी व खत दोन्ही ठिबकच्या नळीतून मोजून देता येतात. झुडूप पानगळ करून झोपी जात नसल्यामुळे डाळिंबाचा बहार धरावा तशी इथे छाटणीच्या तारखेवरून तोडणी ठरवता येते. वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने छाटणी केली की नवे फुटवे येतात, ते पक्व होतात, त्यांच्या टोकाशी कळ्या धरतात आणि साधारण सहा-सात महिन्यांनी, म्हणजे भाव चढे असतात त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळ तोडायला येते.

या वेळापत्रकात एक गोष्ट गृहीत धरलेली होती आणि बरीच वर्षे ती कुणाला बोलूनही दाखवावी लागली नव्हती. छाटणीनंतर हिवाळा येईल, हे ते गृहीत.

कळी कशी ठरते

ब्लूबेरीच्या काडीवर दोन प्रकारचे डोळे असतात. पानाचा डोळा बारीक, टोकदार आणि काडीला चिकटलेला असतो, तर फुलाचा डोळा गोलसर, फुगीर असतो आणि बहुधा काडीच्या शेंड्याकडच्या भागात बसतो. एका फुलडोळ्यातून पाच ते दहा फुलांचा झुबका निघतो. डोळा पानाचा व्हायचा की फुलाचा, हे तो फुटण्याच्या बरेच आधी काडीच्या आत ठरते आणि हा निर्णय मुख्यतः दोन खुणांवर होतो, दिवस लहान होत जाणे आणि हवा गार होत जाणे. दक्षिणी हायबुश या गटातील जातींना, ज्यांची लागवड अशा उबदार भागांत होते, हिवाळी थंडीचे तास फार कमी लागतात हे खरे, पण त्याचा अर्थ त्यांना गारवा लागतच नाही असा काढणे चूक आहे. दिवस लहान असतानाही तापमान २८ अंशांच्या घरात राहिले तर २१ अंशांच्या तुलनेत फुलडोळे बरेच कमी धरतात.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर यातली पहिली खूण जवळजवळ नसतेच. त्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत तासाभराचाही फरक पडत नाही. थंड देशांत उष्ण शरद आला तरी दिवस लहान होत असल्याची सूचना झुडपाला मिळते आणि काही कळ्या तरी धरतात. पेरूतल्या झुडपाला हिवाळा कळतो तो गार रात्रींवरूनच. ती एक खूण हरवली की दुसरी कुठलीही तिची जागा घेत नाही. माझ्या मते या प्रकरणाची मेख इथे आहे. ज्या स्थिर हवामानामुळे पेरूला हवा तेव्हा हंगाम धरता येत होता, त्याच स्थिरतेमुळे त्याच्याकडे दुसरा आधार उरला नव्हता.

याला जातीची जोड होती. तेव्हा पेरूतील लागवडीत 'बिलोक्सी' आणि 'व्हेंचुरा' या दोन जातींचा वाटा फार मोठा होता. बिलोक्सी ही अमेरिकेच्या कृषी विभागाने मिसिसिपी राज्यात तयार करून १९९८ मध्ये प्रसारित केलेली जात. तिच्यावर स्वामित्वशुल्क नसल्याने रोपे स्वस्तात वाढवता येत होती, आणि पेरूची पहिली झेप बरीचशी तिच्याच जोरावर झाली. एकाच स्वभावाची झुडपे हजारो हेक्टरांवर असली की चांगल्या वर्षी सगळे काम सोपे होते आणि वाईट वर्षी सगळी झुडपे एकदमच चुकतात.

पावसाची तयारी आणि गार न झालेल्या रात्री

२०२३ च्या मार्चमध्ये 'याकू' नावाचे चक्रीवादळ पेरूच्या किनाऱ्याजवळ रेंगाळले. त्या समुद्रात चक्रीवादळ ही दुर्मीळ गोष्ट. उत्तरेकडील प्रांतांत पूर आले, दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. त्याच महिन्यात एल निनोवर लक्ष ठेवणाऱ्या पेरूच्या राष्ट्रीय समितीने किनारी एल निनोचा इशारा दिला. किनारी एल निनो म्हणजे संपूर्ण प्रशांत महासागर तापण्याच्या आधी, किंवा तो तापला नाही तरी, पेरू आणि एक्वादोरलगतचे पाणी तापणे. २०१७ मध्ये असाच किनारी एल निनो येऊन गेला होता आणि त्याची आठवण ताजी होती. तेव्हा अतिवृष्टीने मोठी हानी केली होती, म्हणून या वेळीही सगळी चर्चा पाण्याभोवती फिरली. चर मोकळे आहेत का, कालव्याचे तोंड गाळाने भरेल का, पॅकहाऊसपासून बंदरापर्यंतचा रस्ता टिकेल का, याची तयारी झाली.

२०१७ च्या आठवणीत मात्र एक निसटलेला दुवा होता. त्या वर्षी किनाऱ्यालगतचे पाणी वर्षाच्या पहिल्या महिन्यांत तापले आणि हिवाळ्याच्या तोंडावर निवले. पूर येऊन गेले, पण कळी धरण्याच्या काळात रात्री गार होत्या आणि ब्लूबेरीची निर्यात त्या वर्षी आदल्या वर्षापेक्षा वाढली. २०२३ मध्ये पाऊस मार्च-एप्रिलनंतर ओसरला, पण समुद्र निवला नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्याचे तापमान सरासरीपेक्षा दोन अंशांहून अधिक चढले आणि हिवाळाभर चढेच राहिले. जूनमध्ये मध्य प्रशांत महासागरातही एल निनो सुरू झाल्याचे अमेरिकी हवामान संस्थेने जाहीर केले, त्यामुळे किनाऱ्याची ऊब मागून येणाऱ्या उबेने आणखी लांबली. जूनमध्ये पेरू सरकारने उत्तर व मध्य भागातील अँकोवी या थंड पाण्यात राहणाऱ्या छोट्या माशाच्या मासेमारीचा पहिला हंगाम रद्द केला. समुद्राची बातमी माशांच्या व्यवसायाला थेट मिळते, शेतीला ती दोन-तीन महिने उशिरा पोचते, पण बातमी एकच होती. पिउरा प्रांतातील आंब्याला त्या वर्षी मोहोर फार कमी आला आणि पुढच्या आंबा निर्यातीत मोठी घसरण झाली, तीही याच उबदार रात्रींमुळे.

ब्लूबेरीच्या बागेत त्या हिवाळ्यात काय दिसत होते, हे एक फांदी हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. एरवी जूनच्या अखेरीस पक्व झालेल्या काडीचा वरचा भाग चाचपला की बोटांना एकापाठोपाठ एक फुगीर डोळे लागतात आणि काही शेंड्यांवर पांढऱ्या, उलट्या घंटेसारख्या फुलांचे झुबके लोंबू लागलेले असतात. काडी वाढायची थांबलेली असते, शेंड्याचे शेवटचे पान वाळून काळे पडलेले असते. तापमान उतरत नाही तेव्हा तीच काडी थांबत नाही. शेंडा कोवळा राहतो, लालसर-हिरवी पाने येत राहतात, त्याच काडीवर दुसरा आणि तिसरा फुटवा निघतो आणि डोळे चाचपावे तर ते बारीक, चपटे, काडीला चिकटलेले लागतात. दुरून पाहणाऱ्याला ही बाग उत्तम वाटते. पाने रुंद, रंग गडद, वाढ जोमाची. झुडपाला दिलेले खतपाणी फळाकडे न जाता पाल्यात चालले आहे, हे फुलडोळे मोजणाऱ्यालाच समजते.

उशिरा आलेले फळ

कळी धरली नाही असे म्हणताना थोडी दुरुस्ती करायला हवी. ती कमी धरली आणि उशिरा धरली. त्यामुळे एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात येणारा तोडणीचा जोर वर्षाच्या अखेरीकडे सरकला. २०२२-२३ च्या हंगामात पेरूने सुमारे २.८ लाख टन ब्लूबेरी बाहेर पाठवली होती. २०२३-२४ मध्ये हा आकडा सव्वादोन लाख टनांच्या आसपास राहिला, म्हणजे संपूर्ण हंगामाची घट साधारण एक पंचमांश होती. आधी सांगितलेली निम्म्याची घट आणि ही एक पंचमांशाची घट यांत विरोध नाही. पहिल्या महिन्यांत पडलेला खड्डा शेवटच्या महिन्यांनी काही अंशी भरला. फक्त तो भरला तेव्हा बाजार बदललेला होता.

फळाच्या प्रतीचा प्रश्न प्रमाणापेक्षा गुंतागुंतीचा आहे. झुडपावर फळे कमी असली की उरलेल्या फळांना जास्त अन्न मिळून आकार वाढतो, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु उबदार हवेत फूल ते फळ हा काळ आखडतो आणि फळाला भरायला पुरेसे दिवस मिळत नाहीत. रात्री उबदार असल्या की फळाचा श्वसनवेग चढा राहतो, आम्लता लवकर उतरते आणि चव सपक होते. सालीचा टणकपणाही घटतो. फळ झुडपावर एक-दोन दिवस जास्त राहिले तरी ते सैल पडते, म्हणून दोन तोड्यांमधले अंतर कमी करावे लागते. पण फळ विरळ असताना मजुराची बादली भरायला वेळ लागतो, तोड्याचा खर्च किलोमागे वाढतो आणि अंतर कमी करण्याऐवजी वाढवण्याचा मोह होतो. प्रत बिघडण्याची एक वाट हीही आहे आणि तिचे खापर हवामानावर फोडता येत नाही.

तोडल्यानंतर पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे. दुपारी तोडलेले गरम फळ शेतातच उभ्या ट्रॉलीत राहिले तर पुढे कितीही थंडावा दिला तरी गेलेला टणकपणा परत येत नाही, म्हणून तोडणी पहाटे सुरू करून फळ लवकरात लवकर प्रीकूलिंगला, म्हणजे साठवणीआधी झटपट गार करायला, न्यावे लागते. पुढचा प्रवास लांबचा असतो. युरोपला सुमारे तीन आठवडे आणि चीनला महिनाभर लागू शकतो. अमेरिकेत जाणाऱ्या मालाला भूमध्य फळमाशीच्या बंदोबस्तासाठी साधारण दोन आठवड्यांची शीतप्रक्रिया किंवा धुरी द्यावी लागते. डबा उघडल्यावर प्रत पाहणारा माणूस आधी फळावरची पांढुरकी मेणाची भुकटी शाबूत आहे का ते पाहतो, कारण ती पुसली गेली असेल तर फळ फार हाताळले गेले आहे किंवा त्यावर पाणी सुटले आहे. मग तो फळ उलटे करून देठाच्या जागेचा व्रण बघतो. कोरडा आणि लहान व्रण असेल तर बुरशीला वाट कमी मिळते, ओला किंवा फाटलेला असेल तर तिथूनच कूज सुरू होते. व्रणाभोवती लालसर कडे असेल तर फळ घाईने, कच्चे तोडले आहे. टंचाईच्या बाजारात अशी कडी जास्त दिसतात, हे मुद्दाम सांगण्याची गरज नाही.

इतर प्रदेशांची साथ मिळाली का

एका प्रदेशाचे पीक गेले तर दुसऱ्याने भरून काढावे, यासाठीच खरेदीदार अनेक प्रदेशांशी व्यवहार ठेवतात. या वेळी ती व्यवस्था अपुरी पडली आणि त्यामागे पुन्हा बऱ्याच अंशी तोच एल निनो होता. चिलीच्या मध्य आणि दक्षिण भागात जून आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर आले आणि पुढे तिथला हंगामही थोडा उशिरा सुरू झाला, त्यामुळे पेरूची पोकळी चिलीने लवकर येऊन भरावी अशी आशा फोल ठरली. उलट डिसेंबर-जानेवारीत पेरूचा उशिरा आलेला माल आणि चिलीचा नेहमीचा माल एकाच वेळी बाजारात उतरले. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात सप्टेंबरच्या अखेरीस अतिवृष्टी झाली आणि नंतर केप टाउन बंदरातील वाऱ्यामुळे जहाजे भरण्याचे काम रखडत राहिले. त्यातल्या त्यात मेक्सिकोला फायदा झाला, कारण त्याचा माल रस्त्याने थेट अमेरिकेत जातो आणि पेरू कमी पडत असताना त्याची आवक वाढत होती, पण ऑक्टोबरात मेक्सिकोकडे एवढी फळेच नसतात.

पनामा कालव्याचे उदाहरण तर जवळजवळ अविश्वसनीय वाटावे असे आहे. एल निनोमुळे पनामात पाऊस कमी झाला, कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातून तलावाची पातळी उतरली आणि एरवी दिवसाला ३६ च्या आसपास जहाजे सोडणाऱ्या कालव्याने २०२३ च्या अखेरीस ही संख्या २५ च्या खाली आणली. कंटेनर जहाजांची वेळ आधी राखलेली असल्याने फळांना याची झळ मोठ्या मालवाहू जहाजांइतकी बसली नाही. तरीही ज्या समुद्राने पेरूत कळी धरू दिली नाही, त्यानेच ते फळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला आणि युरोपला नेण्याचा मार्गही अरुंद केला.

भावाचे चित्र अपेक्षेप्रमाणेच झाले. पेरूच्या निर्यातीचा सरासरी दर २०२२ मध्ये किलोला पाच डॉलरच्या आत होता, तो २०२३ मध्ये आठ डॉलरच्या आसपास गेला. परिणामी त्या वर्षात वजन सुमारे पाव हिश्श्याने घटूनही निर्यातीचे एकूण मूल्य वाढले. हे आकडे पाहून संकट फारसे मोठे नव्हते असा निष्कर्ष काढणारे लेख तेव्हा आले आणि मला तो निष्कर्ष दिशाभूल करणारा वाटतो. सरासरी दर हा ज्याच्याकडे ऑक्टोबरात फळ होते त्याचा आहे. ज्याची बिलोक्सीची बाग डिसेंबरात तोडायला आली, त्याने टंचाईचे दिवस केवळ पाहिले आणि स्वतःचा माल चिलीच्या गर्दीत, उतरत्या भावात विकला. तोडणी मजुरांचा हिशेब तर निर्यात मूल्याच्या तक्त्यात येतच नाही. त्यांची मजुरी फळाच्या वजनावर आणि कामाच्या दिवसांवर असते.

अंदाज कुठे चुकला

हंगाम पुढे सरकत गेला तसे निर्यातीचे अंदाज खाली आणावे लागले. असा अंदाज बांधण्याची रूढ पद्धत म्हणजे लागवडीखालचे क्षेत्र, झुडपांचे वय, जातीनिहाय सरासरी उत्पादन आणि मागील वर्षांचा आठवडानिहाय आलेख. क्षेत्र वाढत असताना ही पद्धत वर्षानुवर्षे बरोबर आली, कारण चढत्या क्षेत्राने लहानसहान चुका झाकल्या. २०२३ मध्ये क्षेत्र होते, झुडपे होती, पाणी होते, म्हणून आकडाही चढाच निघाला. किनाऱ्यालगतच्या समुद्राचे तापमान दर आठवड्याला प्रसिद्ध होते, अँकोवीचा हंगाम जाहीरपणे रद्द झाला होता आणि काडीवरचे डोळे जूनमध्ये मोजता येत होते. माहितीची उणीव नव्हती. ती अंदाजाच्या तक्त्यात शिरायला रकानाच नव्हता, एवढेच.

त्यानंतर बागायतदारांनी बरेच बदल केले. काहींनी छाटणीच्या तारखा अधिक पसरवल्या, म्हणजे कळी धरण्याचा काळ सगळ्या शेतात एकाच पंधरवड्यात येणार नाही. बिलोक्सी काढून उष्णता अधिक सोसणाऱ्या, टणक फळाच्या नव्या जाती लावण्याचा वेग वाढला. या जाती बहुतेक खाजगी प्रजनन कंपन्यांच्या असल्याने त्यांच्यावर स्वामित्वशुल्क असते आणि लहान बागायतदाराला ते परवडेलच असे नाही. दक्षिणेकडे, तुलनेने गार रात्रींच्या इका प्रांताकडेही लागवड सरकली.

२०२४ मध्ये हिवाळ्याच्या आधी समुद्र निवला, रात्री गार झाल्या आणि २०२४-२५ च्या हंगामात पेरूची निर्यात तीन लाख टनांच्या पुढे गेली. भाव अर्थातच उतरले. या उसळीचे श्रेय नव्या जातींना आणि बदललेल्या छाटणीला देण्याची घाई होताना दिसते, पण एका वर्षात बदललेले क्षेत्र एवढे मोठे नव्हते. बहुतांश फळ त्याच जुन्या झुडपांवर आले, ज्यांनी आदल्या वर्षी नुसता पाला दिला होता. या बदलांचा खरा कस पुढच्या उबदार हिवाळ्यात लागेल, आणि तो लागतो आहे की नाही हे जूनच्या अखेरीस काडीचा शेंडा चाचपून पाहता येईल.